पुडीतल्या बांगड्या

"राधाबाई, हात सैल सोडा. तो तुमचा नाहीच, माझा आहे असं समजा."

"सैलच सोडलंय गो! इतकी वर्सां तुझ्याकडसून हात भरतंय, माका काय शिकवतंस?"

लालबागच्या चाळीत, दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत सुंदराबाई कासारीण मांडी घालून बसली होती. समोर खानावळवाल्या राधाबाईंचा जाडजूड हात, बाजूला टोपलीत बांगड्यांच्या माळा. सुंदराबाईने राधाबाईंची चार बोटं जुळवली, अंगठा तळव्यात मुडपला, त्याच्या मुळाशी असलेलं हाड आपल्या अंगठ्याने दाबलं आणि बांगडी पुढे सरकवली. बांगडी हाडावर अडली. तिने आणखी दाबलं. कट् असा बारीक आवाज झाला आणि राधाबाईंच्या मनगटाशी रक्ताचा एक थेंब उभा राहिला.

"वाढली," सुंदराबाई म्हणाली.

बांगडी फुटली असं कासार कधी म्हणत नाही. दिवा विझला म्हणत नाहीत, कुंकू संपलं म्हणत नाहीत, तसंच हे. फुटणं हा शब्द सवाष्णीच्या हाताजवळ आणायचा नाही, म्हणून बांगडी नेहमी वाढते.

राधाबाईंनी पदराने रक्त टिपलं. "हात जड पडलो तुझो आज. तुझ्याकडसून रगत म्हणून कधी येवक नाय गो!"

"लग्नसराईचा माल. घाईघाईनं भाजतात मेले, काच कच्ची राहते," सुंदराबाई म्हणाली. "आणि मी म्हणते, एवढ्या घट्ट हव्यात कशाला? एक माप मोठं घाला. दादरच्या बायका बघा, सगळ्या सैल घालतात आता."

दादरचं नाव काढलं की लालबागच्या बायका थोड्या नमतात. राधाबाई नमल्या. मोठ्या मापाच्या बांगड्या सळसळत हातात गेल्या, आणि सुंदराबाईने कोणाला दिसणार नाही असा एक सुस्कारा टाकला.

काच कच्ची नव्हती. सुंदराबाईचा अंगठा कच्चा झाला होता. गेल्या दिवाळीनंतर केव्हातरी त्याच्या मुळाशी ठणका सुरू झाला, आणि पुढे ठणका राहिला तो राहिलाच, जोर मात्र गेला. सकाळी स्टोव्हला पंप मारताना तो आपोआप वळायचा. ही गोष्ट तिने कोणाला सांगितली नव्हती. नवऱ्यालाही नाही. भिवाच्या अंगावरून वारं गेलं त्याला दोन पावसाळे झाले होते. घोडपदेवच्या खोलीत तो खाटेवर पडून असायचा आणि ती घरी आली की जड जिभेने एवढंच विचारायचा, "आज हात भरले?" ती म्हणायची, "भरले." त्यावर तो डोळे मिटायचा.

कासारकी तिला सासूने शिकवली. सासू कडक बाई. साबण लावून बांगडी चढवणाऱ्या कासारांना ती कासार मानतच नसे. ती म्हणायची, "कासारणीनं तीन गोष्टी दाखवू नयेत. अंगठा दुखतोय हे दाखवलंस, तर पुढच्या खेपेला बाई दुसऱ्याला हात देईल. चूल थंड आहे हे दाखवलंस, तर भाव पाडून मागेल. आणि डोळे भरलेले दाखवलेस, तर कीव करील. कीव केलेल्या माणसाकडनं कोणी चुडा भरून घेत नाही." सुंदराबाईने हे मंत्रासारखं जपलं होतं. भिवा पडला त्याच्या दुसऱ्या दिवशीही ती टोपली घेऊन बाहेर पडली होती, आणि काळाचौकीच्या एका लग्नघरी हसतखेळत हात भरून आली होती.

सासूचा आणखी एक नियम होता. हाताशिवाय बांगडी द्यायची नाही. पुडी बांधून बांगड्या विकतो तो दुकानदार. कासार हात बघतो, हात दाबतो, भरतो आणि वर एक बांगडी आपल्याकडची घालून "सुखी राहा" म्हणतो. त्यावर बाई वाकून नमस्कार करते. तेव्हा कुठे तो व्यवहार पुरा होतो.

त्या दिवशी सुंदराबाईने हा नियम मोडला.

राधाबाईंचे हात झाल्यावर ती टोपली आवरत होती, तेवढ्यात रामदास जिना चढून आला. रामदास गिरणीत स्पिनिंग खात्यात होता आणि राधाबाईंच्या खानावळीत जेवायचा. पण त्या दिवसांत त्याचं खरं काम निराळंच होतं. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने सगळं गिरणगाव तापलं होतं, आणि ह्या चाळीतल्या सभा, प्रभातफेऱ्या, सत्याग्रहाला जाणाऱ्या तुकड्या, सगळं रामदास बघायचा. त्याच्या मागे दोन-तीन पोरं होती.

"मावशी, एक डझन हिरव्या द्या. पुडीत."

"कोणाच्या हातासाठी?"

"मामी आलीय गावाहून. तिच्यासाठी."

"मग बोलव की इथं."

"जिना चढवत नाय तिला."

"मी येते खाली."

"अहो झोपलीय ती! तुम्ही द्या ना. माप मोठं द्या, एकदम मोठं. हात दांडगा आहे मामीचा."

मागची पोरं फिसकन हसली. रामदासने वळून बघितलं, तशी गप्प झाली.

एरवी सुंदराबाईने टोपली उचलून सरळ जिना धरला असता. मामी झोपली असेल तर उठेपर्यंत बसले असते म्हणाली असती. पण अंगठा जळत होता. दांडग्या हाताची मामी. त्या हाताशी झोंबायचं, वर बांगडी वाढायची, वर रक्त. त्यापेक्षा पुडी बरी. तिने वर्तमानपत्राच्या कागदात बांगड्या ठेवल्या. हात समोर नव्हता तरी सवयीने वर एक आपल्याकडची घातली, "सुखी राहा म्हणावं मामीला" म्हणाली आणि पुडीला दोरा गुंडाळला.

रामदास पुडी घेऊन गेला. जाताना त्याने नमस्कार केला नाही. पुरुषमाणूस कशाला नमस्कार करील, असं म्हणून सुंदराबाईने तेही सोडून दिलं.

*

दोन दिवसांनी ती पुन्हा त्याच चाळीत आली, तेव्हा तिच्या टोपलीत वर हिरवा चुडा होता. गॅलरीच्या टोकाच्या खोलीतल्या दत्तारामच्या बायकोला, यशोदेला, सातवा महिना लागला होता. सातव्यात हिरवा चुडा भरायचा आणि मग माहेरी जायचं, असं यशोदेने आधीच सांगून ठेवलं होतं.

राधाबाई खानावळीच्या दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. सुंदराबाईला बघून त्यांनी सूप खाली ठेवलं.

"ये गो ये! तुझ्या बांगड्यांनी चाळ गाजवल्यानी!"

"कसल्या बांगड्या?"

"रामदासाक दिलंस त्या! मामी खंयची नि काय खंयची! दत्तारामाक आहेर केल्यानी तेंनी."

सुंदराबाईला आधी कळेना. मग राधाबाईंनी हातवारे करून सगळं सांगितलं. पोरांनी ताटात हळदकुंकू, खण आणि बांगड्यांची पुडी मांडली. रॉकेलचा डबा बडवत ते ताट दत्तारामच्या दारात नेऊन ठेवलं आणि ओरडले, "दत्तारामवहिनी, चुडा आणलाय, भरून घ्या!" सगळी चाळ गॅलरीत उभी. दत्ताराम बाहेर आला. अंगात गंजीफ्रॉक. ताटाकडे बघितलं, वाकला, ताट उचललं आणि आत घेऊन गेला.

"शिवी नाय, गाळ नाय. सत्यनारायणाचो प्रसाद आत नेऊचो, तसो घेऊन गेलो! हसान हसान माझां पोट दुखलां."

आता दत्तारामने काय केलं होतं, ते सांगायला हवं. महिन्यापूर्वी ह्याच चाळीने त्याला सत्याग्रहाला पाठवला होता. तो विणकाम खात्यातला, बुटका, अबोल माणूस. तुकडीत एक नाव कमी पडत होतं, म्हणून "मी येतो" म्हणाला. त्याच्या गळ्यात झेंडूचे हार पडले. राधाबाईंनी स्वतः त्याला ओवाळलं. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" ही आरोळी नाक्यापर्यंत त्याच्या सोबत गेली. बाकीचे अजून तुरुंगात होते. दत्ताराम मात्र आठवड्याच्या आत, माफीच्या कागदावर सही करून, एकटा परत आला होता. भरदिवसा, त्याच नाक्यावरून.

"त्या बांगड्या मी सौभाग्यासाठी दिल्या होत्या, राधाबाई," सुंदराबाई म्हणाली.

"मगे? तेका सौभाग्य नको काय?" राधाबाई पुन्हा हसल्या. त्यांचे दोन्ही हात जवळजवळ कोपरापर्यंत बांगड्यांनी भरलेले होते. ह्याच हातांनी त्या पहाटेपासून वीस-पंचवीस माणसांच्या भाकऱ्या थापायच्या. रामदासही त्यांतलाच एक. बांगड्या म्हणजे दुबळेपणा, ही गोष्ट त्याने ज्या अन्नावर उभं राहून ओरडून सांगितली ते कोणाच्या हातचं, हे त्याच्या ध्यानात नव्हतं, आणि राधाबाईंच्याही नव्हतं. सुंदराबाईच्या ध्यानात आलं. टोपली उचलून ती गॅलरीच्या टोकाकडे चालू लागली.

चाळीत दिवसा कोणी दार लावत नाही. टोकाच्या खोलीचं दार लोटलेलं होतं.

आत यशोदा जमिनीवर बसून पत्र्याच्या ट्रंकेत लुगड्यांच्या घड्या ठेवत होती. दत्तारामची दुसरी पाळी असल्यामुळे तो घरीच होता, वळकटीला दोरी बांधत होता. देवाच्या फळीखाली ते ताट तसंच होतं. पुडी सोडलेली होती.

"मावशी, चुडा नको मला," यशोदा वर न बघताच म्हणाली.

"अगं, सातव्यात रिकाम्या हातांनी माहेरी जाशील?"

"पुष्कळ बांगड्या आल्यात या घरात."

"भरून घे," दत्ताराम म्हणाला. "बांगड्यांनी तुझं काय वाकडं केलंय?"

सुंदराबाई टेकली. "दत्ताराम, त्या माझ्याकडच्या आहेत रे. मला खोटं सांगून नेल्या. मला ठाऊक नव्हतं."

"ते कळलं मला, मावशी. डझनावर एक जादा होती. रामदास कशाला जादा घालील?"

तो हे अगदी साधेपणाने म्हणाला. सुंदराबाईने ट्रंकेकडे बघितलं. "दोघंही चाललात?"

"पावसात बोट बंद व्हायच्या आत निघतो. खात्यात कोण बोलत नाय. बाजूच्या साच्यावरचा विणकर परवा पाणी प्यायला गेला, तर मी उभा म्हणून परत फिरला. गावी भाताचा तुकडा आहे. बघू."

"पण म्हणजे ते म्हणतात ते खरं करून देतोस तू! पळाला म्हणतील. अरे, सांगून टाक की सरळ. बायकोला दिवस गेलेत, घरात दुसरं कोणी नाही, म्हणून आलो. लोक काय दगड आहेत? राधाबाई पहिली येईल तुझ्या बाजूनं."

"तेच मी सांगते ह्यांना!" यशोदेचा आवाज एकदम चढला. "नळावर मीच सांगते म्हटलं, माझ्यासाठी आले म्हणून. माझ्या नावावर टाका की! मला कोण काय म्हणणार आहे? पण नाय. ऐकतच नायत."

"मी गेलो तेव्हा तू गरोदर नव्हतीस?" दत्ताराम म्हणाला. "ठाऊक असूनच गेलो ना? आणि आत एक पोयबावडीचा पोरगा होता. त्याची आई मरायला टेकलेली. तो राहिला. आता पोटातल्याच्या नावावर मी खोटं सांगायचं? अजून जन्माला नाय आलं ते."

"मग खरं काय?" सुंदराबाईने विचारलं.

दत्ताराम वळकटीवर बसला. दोरीचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिला.

"भीती वाटली," तो म्हणाला. "दुसरं काय नाय. मारलं नाय कोणी. पहिल्या दिवशी सगळ्यांबरोबर गाणी म्हटली. मग दाराला कडी लागली, त्या आवाजानं छातीत काहीतरी झालं. ते जाईचना. रडू यायचं. बाजूच्याला दिसू नये म्हणून भिंतीकडं तोंड करून पडायचो. आठवड्यात भिंतीचा पोपडा न् पोपडा पाठ झाला. मग साहेबानं कागद पुढं केला, सही केली. केली तेव्हाही ठाऊक होतं, चुकतंय. तरी केली."

खालून नळावरच्या भांड्यांचा आवाज येत होता. सुंदराबाईने आयुष्यात पुष्कळ हात हातात घेतले होते, पुष्कळ दुःखं ऐकली होती. पण कारणाचं पांघरूण न घालता कोणी आपली भीती अशी समोर काढून ठेवलेली तिने कधी पाहिली नव्हती. सासूच्या हिशेबाने हा माणूस बुडालेला होता.

"आण गं हात," ती यशोदेला म्हणाली.

यशोदेचे हात सुजले होते. सातव्या महिन्यात सुजतातच. आणि हा चुडा सैल चालत नाही. तो मापाचाच हवा. सुंदराबाईने बोटं जुळवली, दाबलं, सरकवलं. कट्.

"वाढली."

दुसरी घेतली. ओठ घट्ट मिटून सगळा जोर लावला. अंगठा थरथरला आणि घसरला. कट्. यशोदेच्या हातावर लाल रेघ उमटली. यशोदेने हात मागे घेतला नाही.

"वाढली. थोडं तेल आण बघू."

तेल लावलं. तेलाने सुंदराबाईचाच अंगठा निसटायला लागला. तिसरी बांगडी तिच्या मुठीतच गेली. हातातल्या तुकड्यांकडे बघत ती म्हणाली, "फुटली."

यशोदेने दचकून वर बघितलं. दत्तारामने दोरी खाली ठेवली. कासारणीच्या तोंडून हा शब्द त्यांनी कधी ऐकला नव्हता. सुंदराबाईनेही आपल्या तोंडून तो कधी ऐकला नव्हता.

"फुटली गं. माझ्याच्यानं होत नाही. अंगठ्यात जोर उरला नाही माझ्या. दिवाळीपासनं. सगळ्यांना सैल बांगड्या घालत सुटलेय दादरचं नाव सांगून. त्या दिवशी पुडी बांधून दिली तीही त्यापायीच. हात बघायला नको, दाबायला नको. खाली गेले असते तर कळलं असतं मला, मामी नाही नि कोणी नाही." ती थांबली. डोळे भरले होते, ते तिने तसेच राहू दिले. "नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही हे."

यशोदेने सुजल्या हाताने तिचा हात धरला.

"मावशी," दत्ताराम म्हणाला, "मी दाबू?"

"तू?"

"तुम्ही सांगा तसं."

सुंदराबाईने डोळे पुसले. पुरुषाने बायकोच्या हातात चुडा भरलेला तिने ऐकला नव्हता. पण यशोदेला हिरव्या हातांनी जायचं होतं, आणि दुसरा हात खोलीत नव्हता. "बस इथं," ती म्हणाली. "बोटं जुळव. अंगठा आत घे. हे हाड, हे. इथं दाबायचं. नुसता जोर करायचा नाही. दाबून थांबायचं. हाड आपण होऊन वाट देतं, तेव्हा सरकव."

"वाट दिली कळायचं कसं?"

"तिच्या तोंडाकडं बघ."

विणकराची बोटं हलकी असतात. तुटलेलं सूत धरून गाठ मारायची त्यांना सवय. पण बांगडी हाडाशी आणून तो थांबला. "भीती वाटते, मावशी. लागेल तिला."

"वाटू दे," सुंदराबाई म्हणाली.

पहिली बांगडी गेली. मग दुसरी गेली. मध्ये यशोदेने एकदा डोळे गच्च मिटले, तसा तो थांबला, फुंकर घातली, पुन्हा दाबलं. दोन्ही हात भरायला पुष्कळ वेळ लागला. एकही बांगडी वाढली नाही. शेवटची, कासाराच्या घरची, तेवढी सुंदराबाईने त्याच्या हातावर ठेवली आणि तीही त्यानेच चढवली.

यशोदा जड अंगाने नमस्काराला उठली. कोणाला करायचा ते तिला क्षणभर कळेना. सुंदराबाईने तिला तशीच जवळ घेतली. "सुखी राहा."

निघताना दत्तारामने ताटातल्या बांगड्या कागदासकट तिच्या पुढे धरल्या. "ह्या घेऊन जा. गावी नेऊन काय करू? टाकणार होतो खाली, पण काच आहे. कोणाच्या तरी पायात जायची."

*

गॅलरीत राधाबाई वाटच बघत होत्या. रामदासही जेवून हात पुसत उभा होता.

"भरलंस काय गो चुडो? घोवाक की बायलेक?"

रामदास हसला. सुंदराबाई रोजच्यासारखी हसून पुढे गेली असती, तर गोष्ट तिथेच मिटली असती. ती थांबली.

"मी भरलाच नाही, राधाबाई. माझ्याच्यानं होत नाही आता. अंगठा गेला माझा. परवा तुमच्या हातातनं रक्त आलं ते काचेमुळं नाही."

राधाबाईंचं हसू तोंडावरच राहिलं. "मगे भरल्यान कोणी?"

"त्यानं."

रामदासने हात पुसायचा पंचा खांद्यावर टाकला आणि जिना उतरून गेला. राधाबाईंनी इकडेतिकडे बघितलं, आवाज खाली आणला आणि खऱ्याखुऱ्या कळवळ्याने म्हणाल्या, "असां सांगत फिरू नको गो. लोक दुसरो कासार बघतले."

लोकांनी दुसरा कासार बघितला. परळहून एक तरुण गडी यायला लागला. त्याचा अंगठा लोखंडासारखा होता. पुढच्या श्रावणात सुंदराबाई त्या चाळीवरून गेली तेव्हा राधाबाई समोरून येत होत्या. त्यांनी तिची चौकशी केली, भिवाची केली, आणि बोलता बोलता दोन्ही हात पदराखाली घेतले. हातांत नव्या बांगड्या होत्या, मापाच्या.

दत्ताराम आणि यशोदा बोटीने गेली, त्यांना पोचवायला भाऊच्या धक्क्यावर कोणी गेलं नाही. टोकाच्या खोलीला काही दिवस कुलूप होतं. मग तिथे दुसरं बिऱ्हाड आलं.

*

चार वर्षांनी महाराष्ट्र झाला. मुंबईसह झाला. लालबागच्या रस्त्यावर कमानी उभ्या राहिल्या, दिव्यांच्या माळा लागल्या, मिठाईवाल्यांपुढे रांगा लागल्या. प्रत्येक बाईला हिरव्या बांगड्या हव्या होत्या.

सुंदराबाई आता मार्केटच्या कोपऱ्यावर फूटपाथवर बसायची. भिवा गेला त्याला वर्ष झालं होतं. तिचे हात मोकळे होते. मोकळ्या हातांच्या बाईकडून कोणी चुडा भरून घेत नाही, पुडी घ्यायला मात्र कोणाची हरकत नसते. तेव्हा ती पुड्या विकायची. एकच खोड तिने ठेवली होती. कोणीही पुडी मागितली की ती आधी विचारायची, "कोणाच्या हातासाठी?" लोक हसायचे. काही चिडायचे. उत्तर मिळेपर्यंत ती दोरा गुंडाळत नसे.

त्या संध्याकाळी एक नवी नवरी समोर येऊन उकिडवी बसली. "मावशी, हिरव्या द्या डझनभर."

"कोणाच्या हातासाठी?"

"आता कोणाच्या? माझ्याच की!" ती हसली आणि मागे वळली. "अहो, बघा तरी, ह्या घेऊ की ह्या?"

मागे रामदास उभा होता. कपाळाला गुलाल, खिशाला कागदी फूल. तो पुढे दोनदा तुरुंगात जाऊन आला होता. माफी मागितली नव्हती. चाळीत त्याला मान होता. सुंदराबाईचा प्रश्न त्याने ऐकला होता, आणि तो तिच्याकडे बघत नव्हता. टोपलीच्या दांडीला सुतळीने बांधलेल्या बांगड्यांकडे बघत होता. त्या फार मोठ्या होत्या. कुठल्याही बाईच्या हातातून खाली पडल्या असत्या.

"शैला, तू हो पुढं. मी पैसे देऊन येतो," तो म्हणाला.

ती पुडी घेऊन कमानीकडे गेली. रामदास तिथेच उभा राहिला.

"ह्या विकल्या नाहीत तुम्ही?"

"कोणाच्या मापाच्या नाहीत त्या."

"मग ठेवल्यात कशाला?"

"काच आहे. टाकून कशी देऊ?"

रस्त्यावरून लेझीम गेली. तिचा आवाज पुढे जाईपर्यंत तो थांबला. मग थोडा वाकला, आणि खाली बघूनच बोलला.

"आत असताना मी भिंतीकडं तोंड करून पडायचो, मावशी. रोज. कोणाला कळू दिलं नाही." त्याने पैसे तिच्या हातावर ठेवले. "दत्तारामचा गावचा पत्ता आहे तुमच्याकडं?"

"नाही," सुंदराबाई म्हणाली. "पत्ता कोणी मागूनच घेतला नाही."

तो आणखी काही बोलेल असं तिला वाटलं. पण कमानीखालून शैलाने हाक मारली आणि तो गेला. गर्दीत त्याच्या खांद्यावर कोणीतरी हात टाकला, कोणीतरी गुलाल उधळला.

उधळलेला गुलाल टोपलीवर येऊन बसला होता. सुंदराबाईने सुतळी सोडली, त्या मोठ्या बांगड्या मांडीवर घेतल्या, आणि दुखरा अंगठा बाजूला धरून एकेक पदराने पुसायला लागली.